शाई-टाकाची कल्पनाचित्रं: या चुका टाळा

गढीच्या बुरुजाला पाय फुटलेत, बारवेच्या पायऱ्यांवरून मासे चढताहेत, असं काहीतरी डोक्यात असतं आणि कागदावर मात्र काळा राडा होतो. दोष बहुतेक वेळा कल्पनेचा नसतो, उजेडाचा असतो. मासा खोटा चालेल, त्याच्यावर पडणारं ऊन खरं हवं. पेन्सिलीच्या कच्च्या रेखाटनातच कोपऱ्यात बारीक बाण काढा आणि ऊन कुठून येतंय ते ठरवून टाका. मग पायरीची आडवी बाजू कोरी सोडायची, उभ्या बाजूवर रेघा द्यायच्या; माशाची पाठ कोरी, पोटाखाली दाट. दाट काळं ठेवायचं ते बारवेच्या तळाशी. सगळीकडे सारखंच क्रॉस हॅचिंग, म्हणजे एकमेकींना छेदणाऱ्या रेघांची जाळी, केलं की सगळंच करडं होतं आणि नजर कुठे थांबत नाही. पहिला थर वाळायच्या आत दुसरा दिला, तर निब कागद उकरते.

प्राणी सुचत नाही म्हणून इंटरनेटवरचे पंखवाले ड्रॅगन उचलू नका. वेरूळच्या कैलास लेण्याचं जोतं बघून या. अख्खं देऊळ हत्ती-सिंहांनी तोलून धरलंय.

शाई फुटतेय? आधी कागद बघा. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा हातकागद दिसायला देखणा, पण हातकागदाचा पृष्ठभाग खरबरीत असेल तर टोकदार निबेत तंतू अडकतात. त्यावर ब्रश किंवा बोरू वापरा. टाकासाठी गुळगुळीत, जाड कार्ट्रिज कागद बरा.

नव्या निबेवरून शाई थेंब होऊन ओघळत असेल, तर तिच्यावर तेलाचा पातळ थर असतो. टूथपेस्टने घासून धुवा.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दौतीतली शाई बघता बघता घट्ट होते. तिच्यात बोअरचं पाणी घालू नका, त्यातल्या क्षारांनी शाई फाटू शकते. डिस्टिल्ड वॉटरचे एक-दोन थेंब पुरतात. शाई छोट्या झाकणात काढून घ्या, दौत बंदच ठेवा. कूलरसमोर बसायचा मोह होतो, पण दमट हवेने कागद फुगतो.

वॉटरप्रूफ इंडियन इंक फाउंटन पेनमध्ये भरू नका, पेन कायमचा बसतो. हाताखाली कोरा कागद ठेवा. खोडरबर दुसऱ्या दिवशीच फिरवा, आणि तोही हलक्या हाताने, नाहीतर काळं फिकं पडतं. चुकलेली रेघ जाड कागदावर ब्लेडने हळू खरवडता येते. नंतर तिथे नखाने घोटा, म्हणजे पुन्हा रेघ ओढताना शाई पसरत नाही.