मुलांचे ईमेल आणि शाळेचे इंटरनेट : या चुका टाळा

कोडिंग आणि रोबोटिक्सचा ‘केअर्स’ उपक्रम आल्यापासून गोव्यातील सरकारी आणि अनुदानित शाळांच्या संगणक कक्षांत इंटरनेट नित्याचे झाले आहे, आणि त्यामागोमाग मुलांसाठी ईमेल खात्यांची गरजही आली आहे. ही खाती बहुधा घाईत उघडली जातात. तास सुरू असताना एखादे संकेतस्थळ खाते मागते आणि शिक्षक मुलांना तिथल्या तिथे फुकटचे जीमेल खाते उघडायला सांगतात. पुढे वर्षभर येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याचशा या एका तासात जन्मलेल्या असतात, म्हणून नको ती संकेतस्थळे अडवणाऱ्या फिल्टरच्या आधी खात्यांविषयी बोलणे भाग आहे.

खोटे जन्मवर्ष, उसना मोबाइल क्रमांक

सहावीतले मूल अकरा वर्षांचे असते आणि गूगलचे स्वतंत्र खाते उघडण्यासाठी १३ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. मग मूल जन्मवर्ष मागे सरकवते, बहुधा शिक्षकांच्या देखतच. ते वर्ष पुरेसे मागे गेले की गूगलच्या लेखी ते मूल प्रौढ ठरते आणि लहान वयासाठी आपोआप लागू होणारे जाहिरातींवरील व व्हिडिओंवरील निर्बंध गळून पडतात. दुसरी अडचण मोबाइल क्रमांकाची. वर्गशिक्षकांचा एकच क्रमांक अनेक खात्यांना दिला की काही खात्यांनंतर तो नाकारला जातो. जी खाती उघडली त्यांचे ओटीपी मात्र त्याच क्रमांकावर जात राहतात, आणि शिक्षकांची बदली वाळपईहून काणकोणला झाली की पासवर्ड विसरलेल्या मुलाला कोणीच वाली उरत नाही.

यावरचा उपाय म्हणजे शाळेच्या स्वतःच्या डोमेनवरील, म्हणजे ईमेल पत्त्यात @ नंतर शाळेचे नोंदणीकृत नाव असलेली खाती. ‘गूगल वर्कस्पेस फॉर एज्युकेशन फंडामेंटल्स’ आणि ‘मायक्रोसॉफ्ट ३६५’ची ए१ योजना, या दोन्ही सेवा पात्र शाळांना विनाशुल्क मिळतात, खर्च येतो तो डोमेनच्या वार्षिक शुल्काचा. अशा खात्याला मुलाचा मोबाइल क्रमांक द्यावा लागत नाही, पासवर्ड शाळाच बदलून देऊ शकते आणि कोणते विद्यार्थी १८ वर्षांखालील आहेत हेही शाळाच ठरवून ठेवते. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीचे तत्त्व त्यात आहे. त्यामुळे पालक-शिक्षक संघाच्या पहिल्याच सभेत लेखी संमतिपत्रे घेणे शहाणपणाचे.

डोमेन मात्र शाळेच्याच नावावर असावे. संगणक पुरवणाऱ्याने ते स्वतःच्या नावावर घेतलेले असते आणि नूतनीकरण चुकले की एके सकाळी सगळ्या शाळेची टपाल थांबते. शिवाय सोडून दिलेले डोमेन उद्या कोणीही विकत घेऊ शकतो. बाकी सगळी खाती सांभाळणारी प्रशासक खाती किमान दोन असावीत, दोन्हींवर द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डनंतर दुसरी खातरजमा) असावी आणि ती अडल्यास प्रवेश देणारे त्यांचे बॅकअप कोड कागदावर छापून मुख्याध्यापकांच्या कुलुपाच्या कपाटात ठेवावेत.

पासवर्ड म्हणून जन्मतारीख

यादी करायला सोपी म्हणून सगळ्या वर्गाला जन्मतारखेचे पासवर्ड दिले जातात. वाढदिवसाची तारीख वर्गातल्या प्रत्येकाला पाठ असते, तेव्हा आठवीतला एक खोडकर मुलगा दुपारच्या सुट्टीत निम्म्या वर्गाची पत्रपेटी वाचू शकतो. पहिला पासवर्ड अक्षरे-आकडे मिसळून आपोआप तयार केलेला असावा आणि पहिल्या प्रवेशातच तो बदलण्याची सक्ती असावी. मुलांना रोमन लिपीत लिहिलेले तीन असंबद्ध मराठी शब्द निवडायला सांगावेत. फणस, रेल्वे, चष्मा हा क्रम मुलाच्या लक्षात राहतो आणि दुसऱ्याला सहज सुचत नाही.

मुलांना टपाल कोणाकडून यावी, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. गूगलच्या प्रशासक पटलावर ‘रिस्ट्रिक्ट डिलिव्हरी’ ही सोय आहे. तिच्यामुळे मुलांची खाती फक्त शाळेच्या आणि ठरवून दिलेल्या पत्त्यांशीच पत्रव्यवहार करू शकतात. ती लावल्यावर ‘अमुक पोर्टलचा ओटीपी येतच नाही’ ही तक्रार हमखास येते. त्या वेळी निर्बंध काढून टाकू नये, तर त्या पोर्टलचे डोमेन परवानगीच्या यादीत घालावे. ‘सर्व विद्यार्थी’ अशा गटाला पत्र पाठवण्याचा अधिकारही फक्त शिक्षकांकडे असावा.

‘पुढे जा’ दाबण्याची सवय

ही चूक सर्वांत साधी आणि माझ्या मते सर्वांत घातक आहे. सुट्टीनंतर कक्ष उघडतो तेव्हा काही जुन्या संगणकांच्या मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते. वीज बंद असताना घड्याळ चालू ठेवणे हे तिचे काम. ती संपली की संगणकाची तारीख कित्येक वर्षे मागे जाते आणि त्या तारखेला संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रे, म्हणजे त्यांची ओळख पटवणारे मुदतीचे डिजिटल दाखले, वैध ठरत नाहीत. मग प्रत्येक पानावर कनेक्शन सुरक्षित नसल्याची सूचना झळकते आणि तास वाया जाऊ नये म्हणून मुलांना ‘ॲडव्हान्स्ड’ दाबून पुढे जायला सांगितले जाते. खरोखरच बनावट असलेल्या संकेतस्थळावरही हीच सूचना येऊ शकते, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करण्याचे शिक्षण आपणच शाळेत दिलेले असते.

अशी सूचना आली की आधी पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख आणि वर्ष पाहावे. ते चुकीचे असेल तर सीआर२०३२ ही बॅटरी बदलावी (बऱ्याच डेस्कटॉपमध्ये हीच असते) आणि वेळ इंटरनेटवरून जुळवून घेण्याची सोय चालू करावी. घड्याळ बरोबर असूनही शाळेच्या सगळ्या संगणकांवर सूचना येत असेल, तर बहुधा शाळेची फिल्टर यंत्रणा आपले प्रमाणपत्र मध्ये घालत असते आणि ते संगणकांवर बसवायचे राहिलेले असते; ते काम यंत्रणा बसवणाऱ्याचे आहे.

फिल्टर आहे, पण चालत नाही

कमी खर्चाचा मार्ग डीएनएस फिल्टरचा. डीएनएस म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधून देणारी सेवा. क्लाउडफ्लेअरचा १.१.१.३ हा पत्ता राउटरमध्ये घातला की प्रौढांसाठीची आणि घातक संकेतस्थळे अडवली जातात. तो एकेका संगणकावर न घालता राउटरवरच घालावा आणि राउटरचा मूळ पासवर्ड त्याच वेळी बदलावा. कक्षातील संगणकांवर फिल्टर चालतो पण टॅबलेटवर चालत नाही, अशी तक्रार आली तर अँड्रॉइडमधील ‘प्रायव्हेट डीएनएस’ आणि ब्राउझरमधील ‘सिक्युअर डीएनएस’ तपासावे, कारण दोन्ही राउटरचा पत्ता डावलू शकतात. मुलाच्या खिशातील मोबाइल डेटाला तर शाळेचा फिल्टर लागूच होत नाही, हे पालकांना स्पष्ट सांगावे.

फिल्टर अति कडक असला तरी घात होतो. दहावीच्या विज्ञानातील पुनरुत्पादनाचा धडा अडतो, शिक्षक वैतागून स्वतःच्या फोनचे हॉटस्पॉट सुरू करतात आणि संपूर्ण वर्ग फिल्टरबाहेर जातो. अडलेले पान त्याच दिवशी खुले करून देणारी एक जबाबदार व्यक्ती नेमली की हा प्रकार थांबतो.

सामायिक संगणकांवर ब्राउझर नेहमी पाहुण्यांच्या खिडकीत, म्हणजे ‘गेस्ट मोड’मध्ये, उघडावा, अन्यथा पुढच्या तुकडीला आधीच्या तुकडीची पत्रपेटी उघडीच सापडते.

काही घडलेच तर

धमकीचे किंवा अश्लील पत्र आले की ते पुसून टाकण्याकडे शाळांचा कल असतो. पत्र मूळ रूपात तसेच ठेवावे. त्यात मुलाचे अश्लील छायाचित्र असेल तर पुरावा म्हणूनही ते शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवू नये, कारण माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ब कलमानुसार असे प्रसारण हाच गुन्हा आहे. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२च्या पॉक्सो कायद्याखालील गुन्ह्याची माहिती पोलिसांना न देणे हाही गुन्हा ठरतो, त्यामुळे ‘शाळेतल्या शाळेत मिटवू’ हा मार्ग येथे उपलब्ध नाही. पैशांची ऑनलाइन फसवणूक असेल तर १९३० या क्रमांकावर, मुलाला मदत हवी असेल तर १०९८वर फोन करावा. रायबंदर येथे सायबर गुन्हे पोलीस ठाणेही आहे.

शाळा सोडणाऱ्यांची खाती

दहावीचा निकाल लागताच खाती बंद केली की अकरावीच्या प्रवेशासाठी तोच पत्ता दिलेली मुले अडकतात. प्रवेश पूर्ण होईपर्यंत खाते चालू ठेवावे, गूगलच्या ‘टेकआउट’ या सोयीने आपले साहित्य उतरवून घेण्याची मुदत लेखी कळवावी, त्यानंतर खाते आधी निलंबित करावे आणि काही महिन्यांनी पुसावे. पुसलेले खाते गूगलच्या पटलावरून २० दिवसांपर्यंतच परत आणता येते.