'इनफ' वापरताना या चुका टाळा

'इनफ' म्हणजे पुरेसं, एवढं पाठ केलं की झालं असं पोरांना वाटतं आणि गडबड तिथूनच सुरू होते. मी इंग्रजीचे क्लास घेते, दर बॅचला त्याच चुका बघून खरंच जीव मेटाकुटीला येतो.

सगळ्यात मोठी चूक जागेची. आपण 'पुरेसा मोठा' म्हणतो म्हणून बिनधास्त 'इनफ बिग' लिहून मोकळे. विशेषण असेल तर इनफ मागून येतो, बिग इनफ, फास्ट इनफ, आणि नाम असेल तर आधी, इनफ मनी, इनफ टाइम. माझा एक विद्यार्थी हॉटेलात रिसेप्शनला होता, परदेशी ग्रुपने मोठ्या खोल्या मागितल्या, आमच्या खोल्या तेवढ्या मोठ्या नाहीत हे कळवायला त्याने लिहिलं 'वुई डोन्ट हॅव इनफ बिग रूम्स'. वाक्य व्याकरणात बसतं, पण अर्थ झाला की मोठ्या खोल्या आहेत, फक्त संख्येने कमी पडतायत. उत्तर आलं, असतील तेवढ्या द्या! 'बिग इनफ रूम्स' लिहिलं असतं तर मामला तिथेच मिटला असता, बिचाऱ्याला मॅनेजरची बोलणी खावी लागली.

मी स्वतः 'इतपत' घालून वाक्य करते आणि शेवटाकडून वाचते. 'चालवण्या-इतपत-मोठा' उलटं वाचा, ओल्ड इनफ टू ड्राइव्ह, शब्द आपोआप जागेवर. पण याला चार दिवस सवय लागते आणि हल्ली तेवढा धीर कुणाला नाही, नियमाचा फोटो काढला की अभ्यास झाला.

वजनदार वाटतं म्हणून 'इनफ'ऐवजी सगळीकडे 'सफिशियंटली' कोंबू नका, आणि तो विशेषणाच्या आधी येतो हेही लक्षात ठेवा.

'इनफ ऑफ मनी' नाही, नुसतं इनफ मनी. 'ऑफ' लागतो तो पुढे द, माय, दिस, देम असं काही असेल तर.

कुणाचं काम आवडलं तर 'गुड इनफ' अजिबात म्हणू नका, समोरच्याला 'ठीक आहे, चालून जाईल' असंच ऐकू येतं.

आणि ते शब्दाला शब्द भाषांतर, कळकळीने सांगते, बंद करा. 'आय कान्ट थँक यू इनफ' म्हणजे 'पुरेसे आभार मानू शकत नाही' नव्हे, आभार मानावे तेवढे थोडेच. 'स्ट्रेंजली इनफ' म्हणजे 'नवल असं की'. 'फेअर इनफ' म्हणजे बरं, पटलं.