बेसबॉलचे फोटो काढायला किती मिमीची लेन्स लागते?

"सहाशे घे, त्याखाली खेळाचे फोटो काढायच्या फंदात पडू नकोस," असं मला एका मित्रानं बजावलं होतं. तो क्रिकेटचे फोटो काढतो आणि त्याच्यापुरतं त्याचं बरोबरच आहे. सीमारेषेबाहेर बसलं की खेळपट्टी साठ-सत्तर मीटर लांब असते. मी त्याचं ऐकून १५०-६००ची झूम भाड्यानं आणली आणि भाच्याच्या सामन्याला पहिल्या बेसच्या (धावणारे चौकोनाच्या ज्या कोपऱ्यांवरून जातात, त्यातल्या पहिल्याच्या) बाजूला कुंपणाशी जाऊन उभी राहिले. तिसऱ्या इनिंगमध्ये एक पोरगा तिसऱ्या बेसवरून सुटला तो थेट होम प्लेटवर (बॅटरसमोरच्या पाटीवर, जिथे पोचलं की धाव पूर्ण होते) घसरत आला. माझी झूम तेव्हा ४००च्या आसपास होती. फोटोत आलं काय, तर हेल्मेट, धुरळा आणि कॅचरचा (प्लेटमागे बसून चेंडू पकडणाऱ्याचा) अर्धा ग्लव्ह. प्लेट नाही, पाय नाहीत, अंपायर नाही. तो सेफ होता की आउट, हे माझ्या फोटोवरून अजूनही कुणाला सांगता येणार नाही.

घरी आल्यावर कागद घेऊन बसले. मोठ्यांच्या मैदानात दोन बेसमधलं अंतर ९० फूट, म्हणजे २७.४३ मीटर. पिचर (चेंडू टाकणारा) आणि होम प्लेट यांच्यात १८.४४ मीटर, आपल्या बावीस यार्डांपेक्षाही कमी. पहिल्या बेसच्या रेषेबाहेर साधारण मध्यावर, दहा-बारा मीटर मागे उभं राहिलं, तर होम प्लेट आणि पहिला बेस सतरा-अठरा मीटरवर येतात, पिचर पंचविसावर, दुसरा आणि तिसरा बेस चाळिसाच्या आसपास. मागे मधोमध उभा असलेला सेंटर फिल्डर मात्र ऐंशी-नव्वद मीटरवर. म्हणजे खेळ बहुतेक आपल्या नाकासमोर चालतो आणि मधूनच एकदम दूर जातो. सगळी गोची इथेच आहे.

पुढचा हिशेब सोपा आहे. फुल फ्रेम कॅमेऱ्याच्या सेन्सरची लांब बाजू ३६ मिमी असते. मीटरमधल्या अंतराला ३६नं गुणायचं आणि लेन्सच्या मिमीनं भागायचं. फोटोच्या लांब बाजूत किती मीटर मावतात ते कळतं. पंचवीस मीटरवरचा पिचर, ३०० मिमी, कॅमेरा उभा धरलेला: उंचीत तीन मीटर. माणूस छान भरतो, वर फेकणाऱ्या हाताला जागाही राहते. तिथेच ४०० लावली की सव्वादोन मीटर उरतात, आणि पिचरनं हात वर नेला की बोटं कापली जातात. चाळीस मीटरवरच्या दुसऱ्या बेसला आडव्या फोटोत ३०० मिमी जवळपास पाच मीटर देते. धावणारा आणि बेसवरचा फिल्डर दोघं मावतात. माझ्या मते बेसबॉलचं मधलं घर ३००चं.

आता ही ३०० मिळवायची कशी? नवख्या माणसाला माझं उत्तर ठरलेलं आहे: १.५ क्रॉपचा कॅमेरा (सेन्सर लहान, त्यामुळे लेन्स दीडपट लांब असल्यासारखी वागते) आणि ७०-२०० एफ/२.८ (एफचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त). तिचं २००चं टोक ३००सारखं वागतं आणि ७०चं टोक १०५सारखं. अठरा मीटरवरच्या होम प्लेटला १०५ म्हणजे सहा मीटरांहून जास्त रुंदी. माझा तो घसरणारा पोरगा पायांसकट, अंपायरसकट आला असता. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या लिटल लीगच्या मैदानात तर बेस ६० फुटांवरच असतात, तिथे ही लेन्स पुरून उरते.

एफ/२.८वर मी का अडून बसते, ते संध्याकाळच्या सामन्यात कळतं. लांब आणि स्वस्त झूम शेवटच्या टोकाला एफ/६.३ असते. एफ/२.८च्या तुलनेत प्रकाश पाचपट कमी. दिव्यांखाली ३२०० आयएसओवर (म्हणजे सेन्सरच्या संवेदनशीलतेवर) भागलं असतं, तिथे १६००० लागतो. शटर स्पीड कमी करून निभावेल म्हणाल, तर तेही नाही. ताशी ९० मैलांचा चेंडू सेकंदाला ४० मीटर जातो. १/१००० सेकंदात चार सेंटिमीटर, म्हणजे स्वतःच्या व्यासाच्या अर्ध्याहून जास्त. फोटोत चेंडूचा वडा होतो. धावणाऱ्याला १/१००० चालतं. बॅट आणि चेंडू एकत्र हवे असतील तर १/२००० किंवा त्याहून वेगवान. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन आपला हात सावरतं, खेळाडूला थांबवत नाही, हे मला पूर्ण एक सीझन उमगलं नव्हतं. आणि बॅटला चेंडू लागतानाचा फोटो बर्स्टच्या (एका दमात सलग फोटो काढण्याच्या) भरवशावर सोडू नका. सेकंदाला दहा फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यात दोन फोटोंच्या मधे तो चेंडू चार मीटर पुढे गेलेला असतो. बॅटरची लय बघून शटरचं बटण वेळेवर दाबायचं, बाकी नशीब.

दिवसाच्याच सामन्यांना जाणार असाल, तर १००-४००सारखी झूम खुशाल घ्या. हलकी पडते, दुसरा बेसही जवळ आणते. फक्त रणरणत्या दुपारी लांबचे फोटो पाणी पडल्यासारखे मऊ आले, तर लेन्सला शिव्या घालू नका. तापलेल्या जमिनीवरची हवा हलत असते.

जाळीबद्दल कुणी आधी सांगत नाही. होम प्लेटमागे जाळी असतेच, पुष्कळ मैदानांत ती बाजूंनाही असते. लेन्स जाळीला जवळजवळ टेकवायची, ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं भोक) पूर्ण उघडं ठेवायचं, आणि जाळीच्या ज्या भागावर सावली आहे तिथे उभं राहायचं. ऊन पडलेले धागे फोटोत पांढुरके पट्टे होऊन उतरतात. लेन्सवर फोकस लिमिटरची कळ असेल तर जवळचं अंतर बंद करा, नाहीतर ऑटोफोकस जाळीलाच चिकटतो. इथेही एफ/२.८ जिंकते, तितक्याच मिमीवर एफ/६.३ला तीच जाळी जास्त दिसते.

कुठे उभं राहायचं, यावर लेन्सइतकंच अवलंबून आहे. उजव्या हाताच्या बॅटरची छाती पहिल्या बेसकडे असते, डावखुऱ्याची तिसऱ्याकडे. डबल प्लेमध्ये (एकाच फटक्यावर दोन आउट) दुसऱ्या बेसवरून पहिल्याकडे फेकणारा फिल्डरही पहिल्या बेसच्या बाजूनंच समोरून दिसतो. म्हणून मी बहुतेक तिथेच असते.

टेलिकन्व्हर्टर, म्हणजे लेन्समागे लावून मिमी वाढवणारा जोड? १.४चा ठीक, एक स्टॉप (म्हणजे निम्मा प्रकाश) जातो. २चा मी एका संध्याकाळी लावून पाहिला; दोन स्टॉप गेले आणि ऑटोफोकस पुढे-मागे घुटमळत बसला. त्यानंतर तो बॅगेतून निघालेला नाही. ४०० एफ/२.८चं स्वप्न पडत असेल तर आधी एक सामना ती वापरून बघा. जुन्या मॉडेलांचं वजन पावणेचार किलोच्या पुढे जातं. मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) नसेल तर सातव्या इनिंगपर्यंत खांदे बोलायला लागतात.

विकत घेण्याआधी मी एक उद्योग केला होता, तुम्हीही करा. उधारीच्या ७०-२००ची रिंग २००वर चिकटपट्टीनं बांधून टाकली आणि अख्खा सामना तसाच काढला. जो फोटो हुकला, त्याची वहीत नोंद. हुकलेले बहुतेक होम प्लेटजवळचे निघाले, फार जवळ असल्यामुळे. मग दोन आउटफिल्डचे, म्हणजे बेसपलीकडच्या मैदानातले. जवळचे वाचवायचे ठरवलं आणि झूमच घेतली. आज माझ्याकडे धुळीत लोळलेली पोरं शेकड्यांनी आहेत, आणि सेंटर फिल्डरचा धड एकही झेल नाही.