सात-आठ खेळाडूंच्या कॉलेज बास्केटबॉल संघाचा सराव: कुठे ताणायचं, कुठे सोडायचं

तिघांचं फास्ट ब्रेकचं (चेंडू मिळताच धावत जाऊन झटपट आक्रमण) ड्रिल घ्या. मैदानावर बारा खेळाडू असतील तर चार तुकड्या होतात. एक धावते तेव्हा तीन उभ्या राहून दम घेतात. खेळाडू सातच असतील तर तुकड्या दोन, आणि सातवा आलटून पालटून आत. धावण्याचा आणि थांबण्याचा वेळ जवळजवळ सारखा होतो. वीस मिनिटांत प्रत्येकाच्या पायांवर दुपटीच्या जवळ भार पडतो, पण सरांच्या वहीत दोन्ही वेळा ‘फास्ट ब्रेक, २० मिनिटं’ एवढंच लिहिलेलं असतं. कमी खेळाडूंचे संघ हंगामाच्या मध्यावर नडग्या आणि गुडघे धरून बसतात, ते बहुतेक वेळा यामुळेच. सिमेंटच्या कोर्टवर तर लवकरच.

म्हणून वेळ कापा, वेग कापू नका. दोन तासांचा सराव ७५ मिनिटांवर आणा. संथ सरावाची सवय लागलेला संघ सामन्याच्या पहिल्या पाच मिनिटांतच धापा टाकतो.

या ७५ मिनिटांत १२ मिनिटं वॉर्मअप: हलकी धाव, डिफेन्सची स्लाइड (गुडघे वाकवून आडवं सरकणं), लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणं), शेवटी चार-पाच जोरकस धावा. मग १५ मिनिटं जोडीने शूटिंग. एक मारतो, दुसरा रिबाउंड (हुकून परत आलेला चेंडू) घेऊन पास देतो. त्यानंतर २५ मिनिटं खरा घाम गाळायचा. मग १० मिनिटं फ्री थ्रो (फाऊलनंतर मिळणारे, कुणी न अडवता मारायचे शॉट), ८ मिनिटं चालत चालत आक्रमणाच्या चाली, आणि ५ मिनिटं स्ट्रेचिंग.

मधली २५ मिनिटं महत्त्वाची. हाफ कोर्टवर तीन विरुद्ध तीन खेळवा आणि सातव्याला कायम आक्रमणाच्या बाजूने ठेवा. बचाव करणाऱ्या तिघांना चौघांना सांभाळावं लागतं, त्यामुळे मदतीला धावणं, परत फिरणं, शूटरवर झेपावणं हे सगळं वेगळं न शिकवता घडतं. तीन मिनिटं खेळ, दोन मिनिटं थांबा, अशा पाच फेऱ्या. दर फेरीला सातवा बदला. थांबलेल्या वेळात पाणी प्यायचं आणि प्रत्येकाने दोन फ्री थ्रो मारायचे, कारण सामन्यातही ते धापा टाकतच मारावे लागतात. आठवा आला तर सरळ चार विरुद्ध चार.

पाच विरुद्ध पाच आठवड्यातून एकदाच, आठ-आठ मिनिटांचे दोन डाव. त्यासाठी माजी विद्यार्थी बोलवा, नाहीतर हॉस्टेलमधली हँडबॉल खेळणारी मुलं. माजी विद्यार्थ्यांना स्पर्धेत उतरवता येणार नाही, पण सरावाला कुणाची हरकत नसते.

शनिवारी सामना असेल तर मंगळवार आणि गुरुवार कडक, बुधवारी फक्त शूटिंग, शुक्रवारी ४० मिनिटांत गुंडाळा. रविवारी पूर्ण सुट्टी, सोमवारी हलकं. कडक दिवस कडक आणि हलका दिवस खरोखर हलका हवा. बुधवारी ‘जरा दोन धावा घेऊया’ म्हणत सगळे दिवस मध्यम करणं, ही सर्वांत जास्त होणारी चूक. त्यात पायांचा थकवा कधीच पूर्ण जात नाही आणि खरी मेहनतही होत नाही. हरल्यावर शिक्षा म्हणून कोर्टच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवणं तर बंदच करा. ज्यांनी ३५ मिनिटं सामना ओढला, त्यांनाच ती शिक्षा सर्वांत जास्त लागते.

भार मोजायला यंत्र लागत नाही. सराव संपल्यावर अर्ध्या तासाने प्रत्येकाला विचारा: ० ते १० मध्ये किती जड गेलं? त्या आकड्याला मिनिटांनी गुणा. ७५ मिनिटं आणि ८ म्हणजे ६००. हलक्या दिवशी ४० मिनिटं आणि ३ म्हणजे १२०. उत्तर खाजगी मेसेजवर मागवा. सगळ्यांसमोर विचारलं की कॅप्टन ‘पाच’ म्हणतो आणि मागोमाग सगळे ‘पाच’ म्हणतात. ‘हलक्या’ दिवशी कुणी सात सांगितलं तर त्याची झोप, ताप, परीक्षा विचारा आणि दुसऱ्या दिवशी त्याला फक्त शूटिंग द्या. दर सोमवारी वॉर्मअपनंतर भिंतीवर खडूने उडीची खूण करून घ्या. नेहमीपेक्षा चार-पाच सेंटीमीटर कमी भरली तर त्या आठवड्याचा एक कडक दिवस काढून टाका.

सामन्याचा हिशेब वेगळा. ४० मिनिटं गुणिले पाच म्हणजे २०० मिनिटं. सात जणांत प्रत्येकी साडेअठ्ठावीस, आठ जणांत पंचवीस. मुख्य गार्डला (चेंडू पुढे आणणाऱ्या खेळाडूला) पहिल्या क्वार्टरची दीड-दोन मिनिटं उरली असताना बाहेर काढा आणि दुसऱ्या क्वार्टरच्या दीड मिनिटानंतर परत घ्या. मधली दोन मिनिटांची विश्रांती वगळून घड्याळाप्रमाणे तीन-साडेतीन मिनिटंच तो खेळाबाहेर असतो, प्रत्यक्षात मात्र पाच-सात मिनिटं बसायला मिळतात. तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटीही हेच करा.

फाऊलचंही तसंच. पाच फाऊलला खेळाडू बाहेर. बारा जणांकडे ६० फाऊल असतात, सात जणांकडे ३५. म्हणून पूर्ण कोर्टवरचा प्रेस (समोरच्यांना त्यांच्याच टोकापासून अडवणं) फक्त बास्केट झाल्यावर, तोही मोजक्या वेळी. एरवी २-३ झोन लावा (दोघं पुढे, तिघं बास्केटजवळ, प्रत्येकाने माणूस नव्हे तर आपली जागा राखायची); पाय वाचतात आणि हातही आवरतात. मात्र झोनमध्ये रिबाउंडला आपला माणूस ठरलेला नसतो, त्यामुळे शॉट उडताच प्रत्येकाने जवळच्याला पाठीने अडवण्याचा सराव वेगळा घ्यावा लागतो.

झोपेबाबत स्टॅनफर्डच्या ११ बास्केटबॉल खेळाडूंवरचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच ते सात आठवडे रोज किमान दहा तास अंथरुणात घालवायचं लक्ष्य ठेवल्यावर त्यांचे फ्री थ्रो नऊ टक्क्यांनी सुधारले. हॉस्टेलमध्ये दहा तास जमणार नाहीत, पण सकाळी सहाचा सराव सातवर नेता येतो. कडक सराव संपल्यावर तासाभरात पोटात काही जायला हवं: दोन केळी आणि दोन उकडलेली अंडी, नाहीतर मूठभर शेंगदाणे, गूळ आणि ग्लासभर दूध. मेसचं जेवण दुपारी एकला मिळणार म्हणून तोवर उपाशी राहू देऊ नका. वजन सरावाआधी आणि नंतर करा. एक किलो घटलं तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर पाणी, ताक किंवा मीठ-साखरेचं लिंबूपाणी हळूहळू प्यावं.

घोटा मुरगळला की चार पावलं टाकता येतात का, आणि घोट्याच्या हाडावर दाबल्यावर दुखतं का, ते बघा. पावलं टाकता येत नसतील किंवा हाड दुखत असेल तर एक्स-रे काढाच. यातलं काही नसेल तर क्रेप बँडेज, पाय उंचावर, दर दोन-तीन तासांनी कापडात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटं. चोळू नका. सूज उतरली म्हणजे बरा झाला असं नाही: त्याच पायावर न दुखता दहा उड्या, मग आठच्या आकड्यात वेगाने धाव, मग डिफेन्सची स्लाइड, हे तिन्ही जमल्यावरच तीन विरुद्ध तीनमध्ये घ्या. तोपर्यंत त्याला खुर्चीवर बसवून बास्केटजवळून एका हाताने शूटिंग करू द्या. संघाबरोबर राहतो आणि हातही गरम राहतो.