कम्युनिटी कॉलेजात कम्प्युटर किंवा डिजिटल मीडिया: कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांसाठी तयारीची यादी

अर्जाच्या आधी एक प्रश्न मिटवा: कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षं झाली की मुलाला किंवा मुलीला जायचंय कुठे, विद्यापीठात की नोकरीला? कॉलेजचा कॅटलॉग उघडला की कम्प्युटरच्या नावाखाली एएस (दोन वर्षांची असोसिएट डिग्री) दिसते, एएस-टी दिसते, शिवाय वेब, नेटवर्किंग, प्रोग्रॅमिंगची सर्टिफिकेटं. असोसिएट डिग्रीला ६० सेमिस्टर युनिट (युनिट म्हणजे कोर्सच्या वजनाचं माप) लागतात, क्वार्टरच्या, म्हणजे छोट्या टर्मच्या, हिशेबात ९०. आकडा सारखा असला तरी वाटा फुटतात. नावाच्या शेवटी 'टी' (ट्रान्सफर) असलेली डिग्री सीएसयूकडे, म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीकडे, जाण्यासाठी आहे. २०१० च्या कायद्याने ती आली. तिच्यावर सीएसयूत जागा मिळण्याची हमी आहे, पण हमी 'कुठल्यातरी' कॅम्पसची असते. त्यातल्याच सॅन होजे स्टेट कॅम्पसचं कम्प्युटर सायन्सच हवं असेल तर ती चढाओढ वेगळी. नुसती एएस बहुधा नोकरीच्या दिशेने बांधलेली असते. आणि यूसीला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला, डिग्रीचं नाव फारसं महत्त्वाचं नसतं. तिथे कोणते विषय, कुठल्या ग्रेडने झाले एवढंच पाहतात.

डिजिटल मीडियात हा गोंधळ जास्त. अ‍ॅनिमेशन, ग्राफिक डिझाइन, व्हिडिओ एडिटिंग यांच्या बऱ्याच डिग्र्यांना 'टी' नसते, आणि त्यातले सॉफ्टवेअरचे कोर्स यूसीत धरले जातीलच असं नाही. तीच सॉफ्टवेअरं शिकायची पण पुढेही जायचं, तर फिल्म-टेलिव्हिजन किंवा स्टुडिओ आर्ट्सच्या 'टी' डिग्रीकडे बघा. चौथं वर्षही कम्युनिटी कॉलेजातच काढता येतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. सांता मोनिका कॉलेजात इंटरॅक्शन डिझाइनची बॅचलर्स आहे. राज्यातल्या रहिवाशांना नेहमीची फी युनिटला ४६ डॉलर, आणि अशा बॅचलर्सच्या वरच्या वर्षांच्या युनिटांना त्यावर ८४ डॉलर. ६० युनिट ४६ ने, ६० युनिट १३० ने, मिळून १०,५६० डॉलर. पुस्तकं, राहणं आणि किरकोळ शुल्कं वेगळी.

आता अ‍ॅसिस्ट ही सरकारी वेबसाइट उघडा आणि निदान एक संध्याकाळ तिच्यावर घालवा. आपलं कॉलेज, हवं ते विद्यापीठ आणि मेजर (मुख्य शाखा) निवडलं की दोन रकाने येतात: डावीकडे विद्यापीठाचा विषय, उजवीकडे आपल्या कॉलेजचा. उजवीकडे दोन कोर्सांमध्ये 'अँड' असेल तर दोन्ही मिळून तो एक विषय होतो. एकच केला तर हाती काही लागत नाही. 'नो कोर्स आर्टिक्युलेटेड' असं दिसलं तर आपल्या कॉलेजात त्या विषयाला जोड नाही, मग शेजारच्या कॉलेजात शोधायचा. वरती शैक्षणिक वर्ष निवडायची जागा असते; कोर्स ज्या वर्षी करायचाय ते वर्ष लावा, बरेच जण जुनं पान छापून त्याच्याच मागे धावतात. आणि तीन विद्यापीठांची पानं शेजारी ठेवा. एकाला सी प्लस प्लस हवं असतं, दुसऱ्याला जावा, तिसऱ्याला पायथन चालतं. हे पहिल्या टर्मला कळलं तर बरं, चौथ्या टर्मला कळलं तर एक वर्ष गेलं.

कॉलेज निवडताना बे एरियातली एक गोम लक्षात ठेवा. कुपर्टिनोचं डी अँझा आणि लॉस अल्टोस हिल्सचं फूटहिल क्वार्टरवर चालतात. फ्रीमाँटचं ओलोनी, सांता क्लाराचं मिशन सेमिस्टरवर. डी अँझात कॅल्क्युलस १ए ते १डी अशा चार तुकड्यांत आहे, सेमिस्टरवाल्यांकडे तो तीन तुकड्यांत. अर्धा इथे, अर्धा तिथे केला की मधला धडा एकतर दोनदा होतो किंवा सुटतो, आणि मालिका पूर्ण धरायची की नाही हा वाद शेवटी विद्यापीठाच्या टेबलावर जातो. प्रोग्रॅमिंगच्या साखळीचंही तेच. मालिका जिथे सुरू केली तिथेच संपवावी.

ही साखळी कागदावर उलटी मांडा. डी अँझात सी प्लस प्लसची ओळ २२ए, २२बी, २२सी अशी एकापुढे एक आहे, आणि डेटा स्ट्रक्चर्स शेवटी येतं. दुसऱ्या रांगेत कॅल्क्युलस, मग लिनिअर अल्जिब्रा. फिजिक्स कॅल्क्युलसला धरून चालतं. डिस्क्रीट मॅथ मध्येच कुठेतरी बसवायचं. यूसीला ट्रान्सफरच्या आधीच्या स्प्रिंगअखेर ६० सेमिस्टर युनिट आणि मेजरचे विषय पूर्ण हवे असतात. म्हणून पहिल्याच फॉलमध्ये गणित आणि प्रोग्रॅमिंग दोन्ही सुरू झालं नाही तर दोन वर्षांत गाडी पोचत नाही, तीन लागतात. २०२५ च्या फॉलपासून नव्या मुलांना जनरल एज्युकेशनसाठी (मेजरबाहेरच्या सर्वसाधारण विषयांसाठी) कॅल-गेटसी ही एकच ३४ युनिटांची यादी आहे, जुन्या दोन याद्या गेल्या. 'टी' डिग्रीसाठी ती हवीच. यूसीच्या कम्प्युटर सायन्ससाठी मात्र आमचं मत स्पष्ट आहे: इतिहासाचा एखादा पेपर मागे राहिला तर निभावतं, कॅल्क्युलस मागे राहिला तर नाही. काउन्सेलर नेमकं उलट सुचवतात, सोपे विषय आधी आणि गणित 'सावकाश'. नम्रपणे अ‍ॅसिस्टचं पान समोर धरा.

कागदपत्रांत पहिली अडचण नावाची. पासपोर्टवर मुलाच्या नावाला वडिलांचं नाव चिकटलेलं असतं, हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर ते नसतं, आणि एपीच्या (हायस्कूलमध्ये द्यायच्या कॉलेज पातळीच्या परीक्षांच्या) खात्यात कधी आडनावाचं स्पेलिंगच वेगळं. कॉलेजच्या कम्प्युटरला ही दोन-तीन माणसं वाटतात. एपी कॅल्क्युलसचा स्कोअर येऊन कुठेतरी पडून राहतो, आणि मुलाला पुढच्या गणिताला प्रवेश नाकारला जातो, कारण प्रीरेक्विझिट, म्हणजे आधी पूर्ण हवा असलेला विषय, सिस्टिमला दिसतच नाही. अर्ज करताना नाव पासपोर्टप्रमाणे अक्षर न अक्षर टाका. हायस्कूलमध्येच कोणी कॉलेजचा कोर्स केला असेल तर तेव्हाचाच विद्यार्थी क्रमांक वापरा, नवं खातं उघडू नका. ट्रान्सक्रिप्ट आणि एपी स्कोअर मागवून प्रीरेक्विझिट क्लिअरन्सचा फॉर्म नोंदणीच्या निदान तीन आठवडे आधी द्या.

दुसरी अडचण रहिवासाची, आणि ती खिशाला लागते. टर्म सुरू होण्याआधी एक वर्ष आणि एक दिवस कॅलिफोर्नियात राहणं आणि इथेच राहायचा इरादा, दोन्ही दाखवावं लागतं. एच-१बी (नोकरीचा व्हिसा) आणि त्यावरचे एच-४ (कुटुंबाचा) असलेल्यांनाही हा रहिवास मिळू शकतो. एफ-१ ला, म्हणजे विद्यार्थी व्हिसाला, नाही. घरभाड्याचा करार, राज्याचा टॅक्स रिटर्न, ड्रायव्हिंग लायसन्स यांच्या प्रती एका फोल्डरमध्ये ठेवा. अर्जातला व्हिसाचा रकाना घाईत चुकला की बिल बाहेरच्यांच्या दराने येतं, म्हणजे ४६ वर आणखी शेकडो डॉलर, दर युनिटला. ते टर्मआधी अ‍ॅडमिशन्स अँड रेकॉर्ड्सच्या ऑफिसात कागद देऊन दुरुस्त होतं; टर्म उलटल्यावर फार अवघड. एच-४ वरच्या मुलाच्या २१ व्या वाढदिवसाची तारीख कॅलेंडरवर आजच लिहा. त्या दिवशी एच-४ संपतो, आणि वेळेत एफ-१ घ्यावा लागला तर फीचं सगळं गणित बदलतं.

सिटिझन किंवा ग्रीन कार्ड असेल तर फाफसा, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज, भरा. 'आपलं उत्पन्न जास्त, आपल्याला काय मिळणार' म्हणून पुष्कळ घरं तो सोडून देतात. पण काही कॉलेजांची दोन वर्षांची फीमाफी उत्पन्नावर नसते, आणि तीही बहुतेक वेळा फाफसाशिवाय मिळत नाही.

पुण्या-मुंबईहून थेट एफ-१ वर येणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी, पण त्या चुकल्या तर परतीचं तिकीट. टर्मला निदान १२ युनिट हवीत आणि त्यात ऑनलाइन कोर्स एकच, तोही तीन युनिटांपर्यंतच, धरला जातो. कम्प्युटरचे अर्धे सेक्शन ऑनलाइन असतात, म्हणून नोंदणीच्या दिवशी आधी वर्गातले सेक्शन पकडा. दुसरी: असोसिएट डिग्रीनंतर ओपीटी (शिक्षणानंतर नोकरी करायची परवानगी) १२ महिन्यांचीच. स्टेमची (विज्ञान-तंत्रज्ञान शाखांची) वाढीव मुदत बॅचलर्स किंवा त्यापुढच्या डिग्रीवरच मिळते, त्यामुळे 'दोन वर्षं शिकून तीन वर्षं नोकरी' हे कोणी एजंट सांगत असेल तर त्याला नमस्कार करा.

सामान. कम्प्युटर सायन्सला १६ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप पुरतो, विंडोज की मॅक हा वाद घरात घालू नका. क्रोमबुक मात्र नको, त्यावर बरीच सॉफ्टवेअरं बसत नाहीत. मीडियावाल्यांना १ टीबीची एक्स्टर्नल एसएसडी दोन लागतात, दुसरी बॅकअपला. ४के चित्रीकरण सेकंदाला १०० मेगाबिट असेल तर तासाला ४५ जीबी जागा खातं. लॅबमध्ये मॅक आणि घरी विंडोज असेल तर डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, आणि 'इजेक्ट' न करता कधीही उपटू नका. या फॉरमॅटमध्ये अर्धवट लिहिलेली फाइल सहसा परत मिळत नाही. नव्या मुलांची ठरलेली चूक अशी: कॅमेऱ्याचं कार्ड लावून प्रीमिअर या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट फाइल ओढतात, कार्ड काढून घरी येतात, आणि सगळ्या क्लिप लाल होऊन 'मीडिया ऑफलाइन' दिसतं. प्रोजेक्टच्या फाइलमध्ये व्हिडिओ नसतो, फक्त तो कुठे ठेवलाय त्याचा पत्ता असतो. आधी फोल्डर, त्यात कॉपी, मग इम्पोर्ट. अ‍ॅडोबीचं वर्गणीपत्र कॉलेजला विचारल्याशिवाय घेऊ नका. अनेक कॉलेजं विद्यार्थ्यांना ते देतात, आणि वार्षिक करार मध्येच तोडला तर दंड बसतो. पोर्टफोलिओसाठी पहिल्या टर्मपासून कच्ची रेखाटनंही जपा. कला-डिझाइनच्या शाखा काम मागतात, आणि तयार चित्रापेक्षा त्यामागची वाट बघणारे परीक्षक बरेच असतात.

वेळेचा अंदाज घरी सगळ्यांना कळू द्या. एका युनिटमागे आठवड्याला साधारण तीन तास, वर्ग आणि अभ्यास मिळून. म्हणजे १२ युनिट ३६ तास. शनिवार-रविवारची नोकरी जमते, वीस तासांची जमत नाही.

तारखा: ओरिएंटेशन आणि काउन्सेलरबरोबर एज्युकेशन प्लॅन आधी झाला नाही तर नोंदणीची पाळी मागे जाते, आणि तेवढ्यात डेटा स्ट्रक्चर्सची वेटलिस्ट भरते. यूसीच्या डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ यांचा हमीचा करार, टॅग, १ ते ३० सप्टेंबर भरायचा, आणि एकाच कॅम्पसला. काही ठिकाणी कम्प्युटर सायन्स त्यातून वगळलेलं असतं, तेव्हा त्या वर्षीचा तक्ता बघूनच कॅम्पस निवडा. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगोला टॅग नाही. त्यानंतर मुख्य अर्ज, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. तो भरून हात झटकू नका. जानेवारीत फॉलच्या ग्रेड अपडेट कराव्या लागतात, आणि ते विसरल्याने चांगले अर्ज बाद झालेले आहेत.

पहिल्या आठवड्यात वर्ग चुकवू नये. गैरहजर विद्यार्थ्याला शिक्षक यादीतून काढू शकतात आणि ती जागा वेटलिस्टवरच्याला जाते; ऑनलाइन कोर्सात नुसतं कॅनव्हासवर (ऑनलाइन वर्गाच्या साइटवर) लॉग-इन पुरत नाही, पहिलं असाइनमेंट द्यावं लागतं. कोर्स झेपत नसेल तर फी परत मिळण्याची तारीख आणि 'डब्ल्यू' (कोर्स सोडल्याची ट्रान्सक्रिप्टवरची नोंद) न लागता सोडायची तारीख पाहून ठेवा. त्या फार लवकर येतात, आणि 'डब्ल्यू' हाही एक प्रयत्न धरला जातो. एका कोर्सला साधारण तीनच प्रयत्न मिळतात, आणि 'सी' मिळून पास झालेला विषय ग्रेड सुधारायला पुन्हा घेता येत नाही.