उन्हाळी सकाळी पक्षी-कीटक बघायला निघताय? या चुका टाळा

मार्च-एप्रिलमध्ये पुण्याच्या वेताळ टेकडीवर दर रविवारी हेच दिसतं. गळ्यात कोरी दुर्बीण घालून मंडळी नऊला येतात आणि अर्ध्या तासात ‘इथे काहीच नाही’ म्हणत उतरू लागतात. पक्षी तोवर खाऊन-गाऊन सावलीत शिरलेले असतात. उजाडायच्या आत पोहोचा. काही जण वेळेवर येतात, पण आठला पक्ष्यांची गडबड ओसरली की चहाला पळतात. अहो, कीटकांची पाळी तर आता सुरू होते! फुलपाखरांचं अंग उन्हात तापल्याशिवाय त्यांना नीट उडता येत नाही. कीटक उडू लागले की वेडा राघू हा छोटा हिरवा पक्षीही कामाला लागतो. तारेवरून झेप घेऊन हवेतच मधमाशी पकडतो, बसायच्या जागी परत येऊन ती आपटतो, नांगी घासून काढतो आणि मगच गिळतो. हे बघायचं तर बूड टेकून बसायला हवं. मी फुललेला पळस किंवा पांगारा शोधतो आणि थोड्या अंतरावर सावलीत बसतो. शिंजीर (फुलातला मध पिणारा चिमुकला पक्षी), बुलबुल, पळसमैना, भुंगे, सगळे त्या फुलांवर आपणहून येतात. एका सकाळी चार ठिकाणं ‘करणाऱ्यांना’ यातलं काही मिळत नाही.

दुर्बीण ८×४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं असलेली, पुरे. जास्त ताकदीची घेतलीत तर हात हलतो आणि चित्र नाचतं. पक्ष्यावरची नजर न काढता दुर्बीण डोळ्यांपाशी आणा. चष्मा असेल तर तिच्या रबरी कडा खाली करा. सूर्य पाठीशी ठेवा.

आता ज्या चुकीने माझं डोकं फिरतं ती. घरट्याचा फोटो. एका उन्हाळ्यात टेकडीच्या उतारावर बोरीच्या झुडपात जांभळ्या शिंजिराचं घरटं होतं. कोळ्याच्या जाळ्यांनी, सालपटांनी बांधलेली लोंबती पिशवी, दारावर छोटीशी पडवी. मादी एकटीच अंडी उबवत होती. कॅमेरा घेऊन आलेल्या एका मुलाला मध्ये येणाऱ्या डहाळ्या खुपल्या आणि त्याने त्या कात्रीने छाटल्या. फोटो छान आला असेल. पण त्याच डहाळ्या घरट्यावर सावली धरत होत्या आणि भारद्वाजापासून त्याला लपवत होत्या. पुढच्या खेपेला मी गेलो तेव्हा पिशवी फाटून लोंबत होती आणि मादीचा पत्ता नव्हता. भारद्वाज अंडी-पिल्लं खातो, तो त्याचा स्वभाव. त्याला वाट माणसाने करून दिली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांची घरटी विस्कळीत करणं शिकारीच्या व्याख्येतच येतं, हे कॅमेरा घेताना कुणी सांगत नाही. माझी सवय अशी: चोचीत काडी किंवा अळी घेतलेला पक्षी दिसला की मी मागे सरकतो आणि ती जागा कुणालाही सांगत नाही.

मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. विणीच्या दिवसांत तो प्रतिस्पर्धी आला समजून पिल्लं सोडून धावतो. ॲपने नाव सांगितलं म्हणून लगेच वहीत उतरवू नका, पक्षी डोळ्यांनी बघा. फुलपाखरू चिमटीत धरू नका, पंखांवरचे खवले गळतात. ओल्या मातीवर ती घोळक्याने क्षार शोषत असतील तर त्यांच्यावर सावली पडू न देता बसून पुढे सरका. दगड उलटलात तर होता तसा ठेवा, खाली विंचवाचं घर असतं.

मधमाश्या चिडू नयेत म्हणून अत्तर लावून येऊ नका आणि सिगारेट तर नकोच. उंच झाडावर किंवा कड्याला आग्या मोहोळ असेल तर खालून बोटं दाखवत गलका करू नका. माश्या उठल्याच तर हात न झाडता, तोंड झाकून लांब पळा आणि घर किंवा बंद गाडी गाठा. पाण्यात उडी मारू नका, त्या वर घिरट्या घालत राहतात. सुरक्षित जागी पोहोचलात की रुतलेल्या नांग्या नखाने लगेच खरवडून काढा.