अल्बममध्ये फोटोखाली लिहिताना या चुका टाळा

वाढदिवसाच्या आदल्या रात्री अल्बम घेऊन बसणाऱ्यांना आधीच सांगते: फोटो एका रात्रीत चिकटवून होतात, लिहून होत नाही. मग मोबाईलवर शोधलेली 'आठवणींच्या हिंदोळ्यावर' असली ओळ येते. साताऱ्यातलं बारसं असो की मिरजेचं लग्न, दोन्हींखाली तीच. जी ओळ शेजारच्यांच्या फोटोखालीही चालेल, ती खोडा.

माझा खरा राग मात्र नुसती नाती लिहिणाऱ्यांवर आहे. 'तात्या'. 'अक्का'. 'आत्यासोबत'. अहो, कुणाची आत्या? आपल्याकडे घरटी एक तात्या असतो. २०१९ च्या पुरात सांगलीच्या गावभागात ओळखीच्या एका घरात पाणी शिरलं, आणि ओसरल्यावर त्यांचे अल्बम माझ्याकडे आले. फोटो स्वच्छ गार पाण्यात अलगद सुटे केले, सावलीत उताणे वाळवले, बरेच वाचले. स्केचपेनने लिहिलेलं सगळं निळं ओघळून गेलं होतं. मागे पेन्सिलीने लिहिलेलं मात्र जसंच्या तसं. पण लिहिलं काय होतं? 'तात्या, हरिपूर संगम'. त्या घरात आजोबा तात्या, आणि त्यांच्या धाकट्या भावालाही त्याची मुलं तात्याच म्हणायची. मिशाही दोघांना सारख्याच. लिहिणाऱ्या आजी पुराच्या आधीच गेलेल्या. दोन्ही घरांनी फोटोवर हक्क सांगितला, चांगलीच जुंपली. शेवटी मी दोन्ही नावं लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकायला लावलं. ठोकून लिहिण्यापेक्षा ते बरं.

म्हणून पूर्ण नाव, कुणाचं कोण, गाव, साल. साल आठवत नसेल तर 'थोरलीची दहावी झाली तो उन्हाळा' लिहा, ते पुढे शोधता येतं.

'मला शब्दच सुचत नाहीत' हे रडगाणंही पुष्कळ ऐकते. सुचायचे कशाला? विचारायचे. मी फोटो घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातात देते आणि मोबाईलवर रेकॉर्डिंग लावते. 'काही आठवण सांगा' म्हटलं की सगळे गप्प होतात. हातात काय आहे, फोटो कुणी काढला, त्या दिवशी जेवायला काय होतं, असं विचारलं की गाडी सुटते. मग त्यांचंच वाक्य तसंच लिहायचं. 'लई पाऊस व्हता, छत्री उलटी झाली' याचं 'मुसळधार पाऊस पडत होता' करणाऱ्यांना मी पेन देत नाही.

दिसतंय तेच पुन्हा लिहू नका. कासच्या फोटोखाली 'फुलांचा गालिचा' कशाला? तो दिसतोच आहे. धुक्यात तासभर काही दिसलं नाही आणि काकांचं 'परत फिरू' चालू होतं, ते लिहा.

फोटोच्या मागे बॉलपेन दाबून लिहिलं की पुढे वळ उमटतात. मऊ पेन्सिल घ्या. गुळगुळीत कागदावर ती उठत नसेल तर अल्बमच्या पानावर लिहा. सेलोटेप नकोच. चिकट पानांचे अल्बम स्वस्त पडतात, पण गोंद पिवळा पडतो आणि नंतर फोटो निघता निघत नाही.

आणि पान काठोकाठ भरू नका. अल्बम बघताना कुणीतरी 'हा आपला कऱ्हाडचा बाळू नव्हे का?' म्हणतंच. ते तिथल्या तिथे लिहायला मी पेन्सिल अल्बमलाच दोऱ्याने बांधून ठेवते.